घाबरण्याची घराणी

रांगणाऱ्या बाळाइतका निर्भय प्राणी पृथ्वीतलावर दुसरा नाही. मुंगळा दिसला की चिमटीत धरून तोंडात टाकायचा, झुरळ दिसलं की त्याच्या पाठोपाठ सोफ्याखाली शिरायचं, शेजाऱ्यांचा धिप्पाड कुत्रा समोर आला तर त्याच्या नाकपुडीत बोट घालून आत काय आहे ते बघायचं. बाळाच्या लेखी प्राण्यांचे दोनच प्रकार : तोंडात मावणारे आणि न मावणारे. हेच बाळ पाच-सहा वर्षांचं झालं की बाथरूमच्या दारात उभं राहून विचारतं, "आई, आधी तू बघ ना, ते आहे का?" मधल्या काळात त्याला 'ते' चावलेलं नसतं, डसलेलं नसतं, अंगावर पडलेलंसुद्धा नसतं. फक्त त्याचं शिक्षण पूर्ण झालेलं असतं.

हे शिक्षण आपल्याकडे फार मन लावून देतात. पाढ्यांसाठी क्लास लावावा लागतो, पोहण्यासाठी कोच, हस्ताक्षरासाठी उन्हाळी शिबिर. पण पालीला भिणं घरच्या घरी, एका धड्यात, जन्मभर पुरेल असं शिकवलं जातं. गृहपाठ नाही, परीक्षा नाही आणि नापास कोणी होत नाही.

गाण्याची असतात तशी घाबरण्याचीही घराणी असतात. माझं आजोळ पाल घराण्याचं. ही गायकी विलंबित. पाल दिसली की लगेच ओरडायचं नाही. आधी जागच्या जागी थिजायचं, नजर ट्यूबलाइटच्या पट्टीवर रोखायची, मग खर्जातून "अगं... ती... ती बघ" असा आलाप भरायचा आणि पाल हलली रे हलली की एकदम तार षड्ज लावायचा. वडिलांकडची मंडळी झुरळ घराण्याची. तिथे विलंबिताला वावच नाही. झुरळ मुळातच द्रुत लयीत येतं, त्यामुळे थेट तान, तीही पलंगावर चढून. झुरळ उडणारं निघालं तर तराणा. अशा दोन घराण्यांची सोयरीक झाली की पुढच्या पिढीला दोन्हीकडची तालीम मिळते. नव्या सुनेला मात्र पहिले काही महिने जड जातात. तिने भिंतीकडे बघून आलाप सुरू केला की सासूबाई म्हणतात, "आमच्याकडे पालीला कुणी भीत नाही हो!" आणि त्याच रात्री मोरीत झुरळ निघालं की या सासूबाई वाटीभर ताक हातात घेऊन स्टुलावर उभ्या असतात.

आमच्या शेजारी बँकेतले एक साहेब राहतात. मोठमोठी कर्जबुडवी मंडळी त्यांना बघून रस्ता बदलतात. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात पाल शिरली आणि "अहो, इकडे या!" अशी हाक आली. घरातल्या कर्त्या पुरुषाला पालीची भीती वाटत नाही हे आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. त्याला कुणी विचारत नाही. साहेब लांब दांड्याचा झाडू घेऊन आले, झाडूचं टोक धरलं, शक्य तितकं टोक, आणि म्हणाले, "तुम्ही सगळे बाहेर व्हा." त्यांना साक्षीदार नको होते. पण वहिनींनी स्टूल धरलं होतं, मी दार धरलं होतं आणि त्यांच्या चार वर्षांच्या मुलीच्या हातात टॉर्च दिलेला होता. साहेबांनी झाडू पुढे केला. पाल दोन बोटं सरकली. साहेब एक फूट मागे आले. पुन्हा झाडू, पुन्हा तेच. शेवटी झाडूचा धक्का लागला, पालीने शेपटी टाकली आणि ती शेपटी गॅसच्या ओट्यावर स्वतंत्रपणे वळवळू लागली. पालीची ही युक्ती जुनी आहे. शेपटी वळवळत राहते, सगळे तिच्याकडे बघतात आणि मालकीण तेवढ्यात निसटते. आम्हीही सगळे शेपटीकडेच बघत राहिलो आणि पाल कालनिर्णयच्या मागे गेली.

मुलगी मात्र शेपटीकडे बघत नव्हती. टॉर्चचा झोत पालीवरून केव्हाच हटला होता. तो तिच्या बाबांच्या चेहऱ्यावर होता. कपाळावरचा घाम, वासलेलं तोंड, मोठे झालेले डोळे, सगळं उजेडात. तिचा धडा तिथे चालला होता.

शास्त्रज्ञांनी हाच टॉर्च माकडांवर टाकून पाहिला आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनला सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात ऱ्हीसस माकडांवर प्रयोग केले. जंगलात वाढलेली माकडं सापाला भयंकर घाबरत. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं अजिबात घाबरत नसत. पलीकडे खाऊ ठेवला तर सापावरून हात लांबवून खुशाल उचलत. मग या शहरी माकडांना जंगली माकडांची घाबरगुंडी बघायला बसवलं. साप चावला नाही. नुसता दुसऱ्याचा तमाशा बघून ही माकडं घाबरायला शिकली, तीही मिनिटांत, आणि तीन महिन्यांनंतरही विसरली नाहीत. तीन महिन्यांनंतर आपल्याला पासवर्ड आठवत नाही.

पुढची गंमत त्याहून मोठी. संशोधकांनी चित्रफितीत कापाकापी करून माकड फुलांना बघून घाबरतंय असं दाखवलं. बघणारी माकडं फुलांना घाबरायला काही शिकली नाहीत. खेळण्यातला साप आणि खेळण्यातली मगर दाखवल्यावर शिकली. खेळण्यातला ससा दाखवल्यावर नाही. म्हणजे वडीलधारी मंडळी कशालाही घाबरून दाखवतील आणि पोरं मान डोलावतील, असं नाही. काही विषयांचा पाया पूर्वजांनी आधीच घालून ठेवलेला असतो. आईबापांनी फक्त वर मजला चढवायचा. माणसाच्या सहा महिन्यांच्या बाळांना साप आणि कोळ्यांची चित्रं दाखवली तर मासे आणि फुलांच्या मानाने त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या जास्त विस्फारतात, असंही आढळलं आहे. पण तेव्हा बाळ रडत नाही, पळत नाही. त्याने फक्त कान टवकारलेले असतात. त्यानंतर ते आईच्या तोंडाकडे बघतं.

ऑस्ट्रेलियात २००२ साली हे आईचं तोंडही तपासून झालं. दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांपुढे रबरी साप आणि रबरी कोळी ठेवले आणि आयांना सांगितलं, एकाकडे बघून हसा, दुसऱ्याकडे बघून भ्यायल्यासारखं करा. आईने तोंड वाकडं केलेल्या खेळण्याकडे मुलं नंतरही जाईनात. मुलींवर हा परिणाम अधिक दिसला. आपल्याकडे या प्रयोगासाठी ना रबराचा खर्च आला असता, ना आयांना अभिनय शिकवावा लागला असता. कुठल्याही ओट्याशी पंधरा मिनिटं उभं राहायचं होतं.

याआधीचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र वाचताना अजूनही राग येतो. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये 'अल्बर्ट' नावाच्या तान्ह्या मुलासमोर पांढरा उंदीर सोडला. मुलाने कौतुकाने हात पुढे केला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. ठण्! थोड्याच दिवसांत नुसता उंदीर दिसला तरी मूल रडू लागलं. मग ते सशाला घाबरलं, कुत्र्याला घाबरलं, फरच्या कोटाला घाबरलं आणि सांताक्लॉजच्या दाढीच्या मुखवट्यालाही. ही भीती नंतर काढून टाकायचं या विद्वानांच्या मनात होतं म्हणे, पण त्याआधीच मुलाला दवाखान्यातून नेलं गेलं. वॉटसन पुढे विद्यापीठातून बाहेर पडले आणि जाहिरात कंपनीत मोठ्या पदावर पोचले. घाबरवण्याचं कौशल्य कधी वाया जात नाही.

आपल्या घरांत हातोडा नसतो, पण स्टीलच्या डब्यांची झाकणं असतात. आईच्या हातून दचकून पडलेलं साखरेच्या डब्याचं झाकण फरशीवर गोल फिरत जो नाद करतं, तो वॉटसनला कधी काढता आला नसता.

बघून शिकायची सोय नसेल तर ऐकून. इंग्लंडात २००३ साली सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना ऑस्ट्रेलियातल्या, त्यांनी कधी न पाहिलेल्या प्राण्यांबद्दल गोष्टी सांगण्यात आल्या. एक प्राणी भला, दुसरा दुष्ट. दुष्ट ठरवलेला प्राणी ज्या पेटीत आहे असं सांगितलं, तिच्यात हात घालायला मुलं कचरू लागली. या प्राण्यांत क्वोका होता. क्वोका म्हणजे सदैव हसल्यासारखा चेहरा असलेला, मांजराएवढा, गवत खाणारा गरीब जीव; पर्यटक त्याच्याबरोबर सेल्फी काढायला बेटावर जातात. त्यालाही दोन मिनिटांच्या बदनामीत खलनायक करता आलं.

या खात्यात आपली पूर्वतयारी जबरदस्त आहे. सापसुरळीचंच घ्या. चकचकीत, गुळगुळीत, बागेत किडे खाऊन राहणारा हा बिनविषारी जीव. पण गावाकडे विचारा, "साप चावला तर वाचेल एखादा, सापसुरळी चावली तर पाणी मागणार नाही" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस प्रत्येक पारावर सापडतो. तसा मेलेला माणूस कुणी पाहिलेला नसतो, तो नेहमी शेजारच्या तालुक्यातला असतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड झेलतं, पाण्यात झिजवत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणाराही झिजतो. (ही समजूत मला मनापासून आवडते, घुबडाच्या रक्षणाचा एवढा स्वस्त आणि पक्का बंदोबस्त कुठल्याही कायद्याला जमलेला नाही.) गोम कानात शिरते. नाग डूख धरतो, आणि त्याच्या डोळ्यांत मारेकऱ्याचा फोटो उमटतो, हे तर हिंदी सिनेमाने सप्रमाण सिद्ध केलेलं आहे. पाल अंगावर पडली तर कुठे पडली यावरून फळ सांगणारं पल्लीपतनाचं कोष्टक पंचांगात असतं. उजवीकडे, डावीकडे, डोक्यावर, खांद्यावर, सगळ्याची सोय. अंगावर पाल पडलेली असताना शांतपणे पंचांग उघडून बघणारा माणूस ज्याने कल्पिला, त्या शास्त्रकाराला माझा नमस्कार.

पालीला विष नसतं. ती दुधात पडली तर दूध टाकून द्यावं हे खरं, पण ते तिच्या अंगावरच्या जंतूंमुळे. तरीही तिला हाकलण्याचे उपाय थांबत नाहीत. भिंतीला मोरपीस लावायचं. मोर पालीला खातो, म्हणून पिसाला बघून ती पळेल. आमच्या इमारतीत एका मजल्यावर हे मोरपीस ट्यूबलाइटच्या मागे खोचलेलं आहे आणि पाल उन्हाळाभर त्याच्या सावलीत झोपते. अंड्याची टरफलं टांगली तरी पाल येत नाही म्हणतात. यात शाकाहारी घरांची फार कुचंबणा होते. एक काकू संध्याकाळी अंधार पडल्यावर पदराखाली वाटी लपवून खालच्या मजल्यावर टरफलं मागायला जात. खालच्यांनी कौतुकाने एकदा अख्खी अंडी दिली, तेव्हा तो व्यवहार थांबला.

आता सापाकडे येतो, आणि इथे माझा सूर जरा बदलतो, कारण ही भीती खोटी नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यापाड्यांत, निम्म्याच्या आसपास पावसाळ्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चौघे प्रामुख्याने जबाबदार. पण आपल्याकडे शिकवताना चारच धडे शिकवायचे सोडून अख्खं पुस्तक जाळतात. मारली जाते ती धामण, जी उंदीर खाऊन शेतकऱ्याचं धान्य वाचवते. मारला जातो तो कवड्या, कारण अंगावरच्या पट्ट्यांमुळे तो मण्यारीसारखा दिसतो. आणि मण्यार रात्री अंथरुणाशी येते, तिचा दंश कित्येकदा दुखतही नाही, हे कुणाला माहीत नसतं. "काहीतरी चावलं, ढेकूण असेल" म्हणून माणूस कूस बदलून झोपतो. जिथे किंचाळायला हवं तिथे आपण जांभई देतो.

कोकणात माझ्या एका मित्राची आजी होती. तिच्या परड्यात संध्याकाळी 'लांबडं' निघालं तर ती त्याचं नावही घेत नसे, आवाजही चढवत नसे. काठी जमिनीवर दोनदा आपटायची आणि "जा बाबा आपल्या वाटेने" म्हणायची. तिची नातवंडं आजही साप दिसला की दोन पावलं मागे सरतात आणि थांबतात. पळत नाहीत, मारतही नाहीत. विस्कॉन्सिनच्या माकडांतही हे दिसलं होतं. शांत बसलेलं माकड ज्यांनी आधी पाहिलं, ती नंतर घाबरट माकडाचा तमाशा बघूनही सहजासहजी बिघडली नाहीत. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले, तेही हेच दाखवायला की सापाला डिवचलं नाही तर तो उगाच चावत नाही. पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं. तिथे शाळेच्या सहली येतात. मुलं काचेला नाकं लावून बघत असतात आणि मागून बाई ओरडतात, "अरे, लांब व्हा! शी! बाई गं!" सरकारने सर्पोद्यानात विद्यार्थ्यांना सवलत द्यावी, पण शिक्षकांना आधी एकटं पाठवावं.

बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला पूर्वी घरोघर जिवंत नाग फिरत. न्यायालयाच्या आदेशानंतर ते खेळ आणि मिरवणुका थांबल्या, आणि नागांच्या बाजूने बघता ते योग्यच झालं. पण तिथल्या पोरांनी आपल्या बापाच्या हातात नाग पाहिलेला असे, बापाच्या कपाळावर घाम नसे. पुण्या-मुंबईत बापाच्या हातात झाडू असतो.

कुत्र्याच्या भीतीला मी हसत नाही. रेबीज झाला की बहुधा उपाय नसतो. चावल्याबरोबर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, एवढं प्रत्येकाला पाठ पाहिजे. हसू येतं ते मालकांचं. तुमच्या छातीवर दोन पंजे टेकवून कुत्रा उभा असतो, त्याची लाळ तुमच्या शर्टाच्या खिशातल्या पेनावर गळत असते आणि मालक लिफ्टच्या कोपऱ्यातून प्रेमाने सांगतात, "काही करत नाही हो तो!" वर, "तुम्ही घाबरलात की त्याला कळतं." कळत असेल तर त्याने थोडी सभ्यता दाखवायला हरकत नसावी. भीती घालवण्याचा सभ्य मार्ग १९२४ सालीच सापडला आहे. मेरी कव्हर जोन्स यांच्याकडे पीटर नावाचा तीनेक वर्षांचा मुलगा होता, तो सशाला घाबरायचा. त्याला आवडीचा खाऊ द्यायचा आणि ससा लांब ठेवायचा. मग रोज थोडा जवळ. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. म्हणजे लिफ्टमध्ये कुत्रा आणणाऱ्यांनी बरोबर एक प्लेट बटाटेवडे ठेवावेत आणि कुत्रा पहिल्या आठवड्यात पार्किंगमध्येच थांबवावा.

या सगळ्या अभ्यासक्रमातून एक प्राणी मात्र साफ सुटला आहे. डास. डास बघून पलंगावर चढलेला माणूस कुणी पाहिला आहे? "अहो, इकडे या, डास!" अशी हाक कुठल्या घरातून येते? उलट त्याला मारायची इलेक्ट्रिक रॅकेट आली तेव्हापासून घराघरांत टेनिसचा सराव सुरू झाला. 'चट्' आवाज आला की आबालवृद्ध खूश. रोनाल्ड रॉसने हिवतापाचे परजीवी डासात दाखवले ते आपल्याच सिकंदराबादेत, २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्याला सव्वाशे वर्षं उलटली, तरी कुठल्याही आजीने नातवाला "झोप, नाहीतर डास येईल" असं म्हटलेलं नाही. कारण उघड आहे. डास सोमवारी चावतो आणि डेंग्यूचा ताप शनिवारी चढतो. मधे कुणी हातोडा मारत नाही, कुणाच्या हातून डब्याचं झाकण पडत नाही, कुणाचा चेहरा बदलत नाही. मुलाने शिकायचं कुणाच्या तोंडाकडे बघून?

त्यामुळे भीती शिकवायचीच असेल तर याची शिकवा. घरात मूल असेल तर त्याला बरोबर घेऊन गॅलरीत जा, कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे आणि पिंपाचं झाकण त्याच्यासमोर तपासा आणि साचलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर तुमच्या घराण्यातला जो असेल तो सर्वांत वरचा सूर लावा. डेंग्यूच्या डासाला बशीभर पाणी पुरतं, तो दिवसा चावतो आणि अंड्यापासून पूर्ण डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. बश्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा.